लेवोना, लुबान आणि बाजारातला लोबान



‘कि तिस्सा’ या पराशात केतोरेथच्या घटकांमध्ये लेवोनाचे नाव आपण दरवर्षी ऐकतो. मला ती प्रत्यक्ष भेटली मस्कतला, अल् खुवैर येथे राहत असताना. आमची शेजारीण मूळची धोफारची. तिच्या स्वयंपाकघरात रोज रात्री लुबानाचे हिरवट-पांढरे खडे पाण्यात भिजत असत. सकाळी ते दुधाळ पाणी अनशापोटी प्यायचे, पोटासाठी, खोकल्यासाठी. हिरड्या दुखल्या तर खडा चघळायचा. बाळंतिणीला धुरी द्यायची. हे ऐकताना मला आजीची शेगडी आठवली.

हे झाड रानात आढळते ते धोफार, येमेन आणि सोमालियाच्या मोजक्या पट्ट्यांत. आपल्या कोकणावर बरसणारा नैऋत्य मोसमी वारा धोफारचे डोंगर भिजवतो. त्या डोंगरांपलीकडच्या कोरड्या अंगाला ही झाडे वाढतात. साल खरवडली की चीक पाझरतो. पहिला चीक हलका मानतात, नंतरचा उत्तम. वादी दौका येथील झाडे सन २००० पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. तरीही अतिरेकी खरवड आणि उंटांची चराई यांमुळे अनेक ठिकाणी रोपटी तग धरत नाहीत.

आपल्या पूर्वजांनाही तिचा औषधी गुण ठाऊक होता. देहान्ताची शिक्षा झालेल्यास द्राक्षारसात लेवोनाचा कण घालून देत, म्हणजे त्याचे भान हरपे, असे तालमूदच्या सनहेद्रिन भागात आले आहे. कोणी विचारील, मग घरी धुरी चालते का? तोरातील मनाई केतोरेथचे मिश्रण स्वतःसाठी करण्याला आहे, एकट्या लेवोनाला नव्हे.

आता माझी चूक सांगतो. आईच्या गुडघ्यांसाठी मी लुबान मुंबईला नेला. तो संपल्यावर तिने बाजारातून ‘लोबान’ आणला, भिजवला आणि प्याली. दोन दिवस पोट बिघडले. आपल्याकडे लोबान म्हणून बहुधा विकतात तो सुमात्राकडील निराळ्याच झाडाचा राळ; अरब त्याला ‘लुबान जावी’ म्हणत. तो जाळण्याचा, पिण्याचा नव्हे. हा फरक मी तिला सांगायला हवा होता.

लुबानाचे खरे भावंड आपल्याच मेळघाटात आणि सातपुड्यात आहे: सालई. आयुर्वेद तिला शल्लकी म्हणतो आणि तिचा डिंक सांधेदुखीवर देतो. पुढे आईला वैद्यांनी तेच दिले. गुडघे अजून दुखतात. पण सिनेगॉगच्या पायऱ्या ती आता स्वतः चढते.