हातातला गुत्ता
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच. वंदनेत आपण ते म्हणतो. आणि यंदाच्या जयंतीत आमच्याच गल्लीतल्या एका पोराने हातात बिअरची बाटली आणि मागे निळा झेंडा अशी रील टाकली. त्या पोराचे वाईट वाटलेच, पण आमचे जास्त वाटले. कारण तिला लाईक देणाऱ्यांत आम्ही मोठी माणसेही होतो.

पूर्वी गुत्ता वस्तीबाहेर असे. तिकडे कोण वळले हे आयाबायांना कळायचे. आमच्या विहारातली एक आजी म्हणाली, "बाबू, दारूचा वास तरी येत होता. मोबाईलले वास येते काय?" बुलडाणा जिल्ह्यात, चिखली-मेहकरच्या खेड्यापर्यंत आज तोच मोबाईल पोहोचला आहे.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी वय २१ आणि इतर विदेशी दारूसाठी २५ लागते. इन्स्टाग्रामचे खाते मात्र तेराव्या वर्षी उघडते! २००० साली केबल टीव्हीवर दारूच्या जाहिराती बंद झाल्या, तर कंपन्यांनी त्याच नावाचा सोडा आणि गाण्यांच्या सीडी पुढे केल्या. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आडवाटेच्या जाहिरातींनाही मनाई केली. पण आपला पोरगा फुकटात बाटली मिरवतो, त्याला जाहिरात कोण म्हणणार? कंपनीचा एक पैसा खर्च होत नाही. आणि एक रील पूर्ण पाहिली की मोबाईल तशाच आणखी दहा पुढे करतो.

मोबाईल हिसकावून काही होत नाही, ते आम्ही करून पाहिले. पोरगं मित्राच्या मोबाईलवर बघतं. त्यापेक्षा शेजारी बसावे आणि विचारावे, बाळा, ही बाटली खपली तर पैसा कोणाच्या घरात जातो? नको त्या रीलवर 'नॉट इंटरेस्टेड' दाबता येते. गूगलच्या जाहिरातींच्या सेटिंगमध्ये दारूच्या जाहिराती कमी करण्याची सोय आहे. आपल्या कॉलेजच्या मुलींना हे येते, आपल्याला येत नाही.

म्हणून येत्या रविवारी वंदनेनंतर सर्वांनी मोबाईल घेऊन थांबावे. मुली शिकवतील. सुरुवात मोठ्यांच्या मोबाईलपासून होईल, आणि पहिला मोबाईल आमचा.

जय भीम, नमो बुद्धाय.