'सुमार' कोणाला म्हणायचे?

(सदर बाजार, रायपूर येथील गणेशोत्सवात केलेले भाषण)



मंडळाने बोलायला सांगितले तेव्हा मी म्हणालो, "मी सुमार वक्ता आहे." कार्यकर्ते म्हणाले, "चालेल!" विषय तिथेच सुचला.

२०११ साली मी निवृत्त झालो. निरोप समारंभात एक हिंदीभाषक सहकारी म्हणाले, "इनका शुमार दफ्तर के भरोसेमंद लोगों में होता है." टाळ्या झाल्या. आमच्या सौ. मात्र घरी येईपर्यंत गप्प. त्यांचे माहेर सातारचे. "भरसभेत तुम्हाला सुमार म्हणाले, आणि तुम्ही हसत काय होतात!"

शब्द एकच, फारसीतला. शुमार म्हणजे मोजणी, गणती. हिंदीत चांगल्यांमध्ये शुमार होणे हा मान. मराठीत मोजणीचा झाला अंदाज, 'सुमारे दोनशे' म्हणतो तो. आणि पुढे सुमार म्हणजे बेताचा, यथातथा. 'बेसुमार' गर्दीत मूळ अर्थ अजून शाबूत आहे.

'बरा' हा शब्दही असाच घसरला. मूळ संस्कृत 'वर', म्हणजे श्रेष्ठ. आज "मुलगा बरा आहे" म्हटले की मुलीचे वडील दुसरे स्थळ बघतात! 'सामान्य' तर वैशेषिक दर्शनात द्रव्य, गुण, कर्म यांच्या पंक्तीला बसलेला पदार्थ. सगळ्या गाईंत असणारे एकच गोत्व, ते सामान्य. आपण त्याला रेल्वेच्या गर्दीच्या डब्यात बसवले.

हे हसून सांगतो खरे. पण १९६४ साली, मी आठवीत असताना, वडिलांनी नागपूरला आजोबांना लिहिलेले पोस्टकार्ड पेटीत टाकायला माझ्याकडेच दिले. त्यात होते, "चिरंजीव अभ्यासात सुमार आहेत." त्यानंतर कित्येक वर्षे मी वर्गात हात वर केला नाही. इथले सराफसुद्धा कसोटीवर घासल्याशिवाय सोन्याला नावे ठेवत नाहीत!

परवा नातवाचे प्रगतिपुस्तक आले. गणितापुढे शेरा, 'सामान्य'. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्हीच बघा." मी त्याला विचारले, "नेमके काय अडते?" तो म्हणाला, "भिन्न." म्हणजे आपले अपूर्णांक. सध्या रोज संध्याकाळी आम्ही दोघे तेच घेऊन बसतो. छेद सारखा करताना तो अजून चुकतो. कधीकधी मीही चुकतो.

आरतीची वेळ झाली. थांबतो.