काट्यावर जाऊन या



मागच्या रांगेला नाचांची घाई झाली आहे, ते मला इथून दिसतंय. गॅदरिंगला पाहुण्याचं भाषण कोणी मागितलेलं नसतं. बक्षीसविजेत्यांचं अभिनंदन करतो आणि थोडक्यात आटोपतो.

तुमच्यातले काही एमसीए करतात, काही आयटी घेऊन एमबीए. एमसीएला पूर्वी तीन वर्षं मिळायची, २०२०-२१ पासून दोनच मिळतात. त्या दोन वर्षांत प्रोग्रॅमिंग बसवता येतं. धंदा समजून घ्यायला मात्र वेळ उरत नाही, आणि तुमची पदवी तर या दोन्हींच्या सांध्यावरची.

धंद्याची रीत आणि प्रोग्रॅम जुळले नाहीत की काय होतं, ते पाहा. जर्मनीतल्या लिडल या दुकानांच्या साखळीनं २०११ मध्ये सॅप या सॉफ्टवेअर कंपनीची प्रणाली बसवायला घेतली. २०१८ मध्ये, सुमारे ५० कोटी युरो खर्चून झाल्यावर, ते काम गुंडाळलं. कारणं बरीच चर्चेत आली. त्यातलं एक ऐका. लिडल मालसाठ्याची किंमत खरेदीदरानं धरायची, तयार प्रणाली विक्रीदरानं. कंपनी आपली रीत सोडेना, म्हणून सॉफ्टवेअरच वाकवत बसावं लागलं. पेच हिशेबनिसाच्या टेबलावरचा होता, तो कोड लिहून कसा सुटणार?

माझी उमेदवारी साखर कारखान्यांच्या संगणक विभागांत गेली. कागदावर रचना सोपी : शेतकऱ्याला सभासद क्रमांक, शेताला गट नंबर. प्रत्यक्षात सातबारा तिघा भावांचा, ऊस धाकट्याच्या नावावर आणि बिलातून वळती व्हायचं सोसायटीचं कर्ज थोरल्याचं. आता तुमच्या टेबलात ‘शेतकरी’ म्हणजे नक्की कोण? पुढे लागणीची तारीख आणि प्रकार : आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. तोडणीचा क्रम त्यावर लागतो. उसाची नोंद घेणाऱ्या चिटबॉयनं बांधावर उभं राहून ही नोंद चुकीची घेतली, तर तुमचा प्रोग्रॅम ती चूक अगदी बिनचूक पुढे नेतो आणि कुणाचा तरी ऊस फडात वाळतो.

मग वजनकाटा. भरलेली गाडी तोलायची, गव्हाणीकडे ऊस उतरला की रिकामी तोलायची, वजाबाकी म्हणजे ऊस. चौथीतलं गणित! पण मधे वीज गेली तर? एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या दोन वेगळ्या शेतकऱ्यांच्या असल्या तर? पहाटे चारला पाळी बदलते, तिथं रात्री दोनला आलेली गाडी कालची धरायची की आजची? हा नुसता शब्दच्छल समजू नका. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. तारखेच्या एका रकान्यात कायदा बसलेला असतो. या प्रश्नांची उत्तरं मला कुठल्या सीनियर प्रोग्रॅमरनं दिली नाहीत. काट्यावरच्या क्लार्कनं दिली, तीही चहा पाजल्यावर.

आणि आपण शेवटच्या सत्राला प्रोजेक्ट म्हणून काय करतो? लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट. तयार मिळतात, वरचं नाव बदललं की झालं. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. समोर बसून मी ते पाहिलेलं आहे, म्हणून स्पष्ट बोलतो.

तेव्हा विनंती एवढीच. कारखाना, बाजार समितीतला आडतीचा गाळा, दूध संघ, पतसंस्था, जे जवळ असेल ते निवडा. पहिला आठवडा लॅपटॉप बंद ठेवा. पावती कोण फाडतो, तिच्या किती प्रती निघतात, कुठली प्रत कोणाच्या टेबलावर अडते, हे लिहून काढा. प्राध्यापकांनाही सांगतो, या आठवड्याला गुण ठेवा, म्हणजे मुलं जातील. कारखाना निवडलात तर गळीत हंगाम चालू असताना जा, बंद काट्यावर शिकण्यासारखं काही नसतं. आणि जाताना कॉलेजचं पत्र बरोबर ठेवा, नाहीतर गेटवरचा वॉचमन आत सोडणार नाही.