संकेतस्थळावरील फाइल उतरवून घेणे व छापणे
(शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



पाचवीच्या वर्गात रेषाखंड मोजण्याची कार्यपत्रिका वाटली आहे, असे क्षणभर समजावे. मूळ पत्रिकेत रेषाखंड ८ सेंटिमीटरचा आहे व उत्तरसूचीतही तेच उत्तर आहे. मूल पट्टीचे शून्य नीट टोकाशी धरते आणि ७ सेंटिमीटर ६ मिलिमीटर असे लिहिते. गुरुजी त्यावर फुली मारतात. वास्तविक मूल चुकलेले नसते. छापतेवेळी ‘फिट’ हा पर्याय तसाच राहिला, पान शेकडा ९५ इतके आकुंचित झाले, आणि बरोबर मोजल्याची शिक्षा मुलाला भोगावी लागली.

यास्तव मोजमापाचे पान छापताना ‘ॲक्चुअल साइज’ अथवा १०० टक्के हा पर्याय निवडावा. कागद ए-४, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, असाच नोंदलेला आहे ना, हेही पाहावे. पुष्कळ संगणकांवर ‘लेटर’ हे अमेरिकेतील माप आधीपासून ठरवलेले असते आणि ते उंचीला सुमारे १८ मिलिमीटरांनी कमी भरते. ‘१ सेंटिमीटर = १० किलोमीटर’ असे शब्दांत प्रमाण दिलेला नकाशा लहान झाला की ते प्रमाण खोटे ठरते; रेघेने दाखवलेले प्रमाण मात्र नकाशाबरोबर आखडते, म्हणून ते टिकते. कोनांना याची बाधा नाही. पान कितीही लहान झाले तरी काटकोन काटकोनच राहतो.

कागद वाचावा म्हणून एका बाजूवर दोन पाने घेण्याची प्रथा आहे. तीत प्रत्येक पान मूळच्या शेकडा ७१ इतकेच उरते. शिक्षकाच्या टाचणासाठी हे चालेल. पहिलीच्या मुलासाठी चालणार नाही. शाई फिकी असली की अनुस्वार प्रथम नाहीसा होतो, आणि मग ‘रंग’ व ‘रग’, ‘मंद’ व ‘मद’ यांतील भेद मुलाने कोठून ओळखावा? अशा ठिकाणी कागदाची काटकसर ही काटकसर नव्हे.

फाइल उतरवून घेण्याचे काम त्यामानाने सोपे, परंतु घाईत फसणारे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळावर मिळतात. त्या फाइली मोठ्या असतात आणि गावातील नेटवर्क मध्येच तुटते. अर्धवट उतरलेली फाइल यादीत दिसते, पण उघडत नाही. तालुक्याच्या गावी जाऊन पेन ड्राइव्हवर फाइल घेणाऱ्या शिक्षकाने ती तेथेच उघडून शेवटचे पान पाहावे, मगच एसटी गाठावी. एकच फाइल पुन्हा उतरवली तर नावापुढे कंसात १, २ असे आकडे येतात व जुनी कोणती, नवी कोणती हे उमगत नाही. तेव्हा ‘पाचवी-गणित-मोजमाप’ असे सुबोध नाव लगेच द्यावे.

वर्डमधील मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर कधी कधी निरर्थक रोमी अक्षरांचा पुंजका होऊन बसतो. तो बहुधा युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला असतो आणि तो फाँट या संगणकावर नसतो. पुन्हा टंकत बसण्यापेक्षा, जेथे मजकूर नीट दिसतो तेथेच त्याची पीडीएफ करून आणावी. पीडीएफमध्ये अक्षरांचे वळण सहसा फाइलीबरोबरच येते.

तीस प्रती काढण्यापूर्वी एक प्रत पाठकोऱ्या कागदावर काढावी. त्याची टाचणी मात्र आधी काढावी, नाहीतर प्रिंटर अडतो. त्या प्रतीवर पट्टी ठेवून एक रेषा मोजावी, आणि ती बरोबर भरली तरच पुढील प्रती काढाव्यात.

प्रश्नपत्रिका बाहेरच्या दुकानात छापली असल्यास त्या संगणकावरील प्रत पुसावी, आणि ‘रिसायकल बिन’ उघडून तेथूनही ती काढून टाकावी.