नैरोबींतले मराठी वकील



कर्जत-खालापूरच्या रहिवाशांस बोरघाटाची ओळख करून द्यावयास नको. १८६३ सालीं या घाटांतून आगगाडी सुरू झाली. पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांस आजही कर्जतला मागून जादा इंजिनें जोडतात. चढण संपेपर्यंत तीं गाडी रेटतात आणि मग बाजूला होतात. दोन देशांच्या मैत्रीचा विचार करतांना मला या इंजिनांचीच आठवण होते.

पूर्व आफ्रिकेशीं आपला संबंध आला, तोही रुळांमुळें. १८९६ ते १९०१ या काळांत मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधण्यासाठीं इंग्रजांनीं येथून सुमारें ३२,००० मजूर नेले. त्यांतील सुमारें २,५०० तिकडेच मरण पावले. ही ओळख झाली खरी. परंतु ती परक्या सत्तेच्या सोयीची होती.

स्वतंत्र भारतानें १९४८ सालीं नैरोबीस आपले कमिशनर म्हणून औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांस पाठविलें. औंधच्या राजानें १९३९ सालींच प्रजेच्या हातीं कारभार दिला होता. त्या घराण्यांतले हे वकील केवळ हिंदी व्यापाऱ्यांचीं गाऱ्हाणीं ऐकून थांबले नाहींत. आफ्रिकन पुढाऱ्यांशीं त्यांनीं स्नेह जोडला. आफ्रिकन विद्यार्थ्यांस भारतांत शिकण्यासाठीं शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. तेथील हिंदी लोकांनीं आफ्रिकनांचें हित आधीं पाहावें, हेंच पंडित नेहरूंचें धोरण होतें. १९५२ सालीं केनियांत आणीबाणी पुकारली गेली. जोमो केन्याटा यांच्यावर खटला भरला, तेव्हां बचावासाठीं भारतांतून दिवाण चमनलाल गेले. पंतांची जवळीक इंग्रज अधिकाऱ्यांस खपली नाहीं. १९५४ सालीं त्यांस नैरोबी सोडावें लागलें. पुढें १२ डिसेंबर १९६३ रोजीं केनिया स्वतंत्र झाला. गाडी केनियाचीच होती. आपण मागून थोडा जोर लावला, एवढेंच.

आतां माझीच एक गोष्ट सांगतों. एकदां गर्दीच्या गाडींत एका आफ्रिकन विद्यार्थ्याशेजारची जागा मोकळी होती आणि माणसें उभीं होतीं. मुलांस भूगोल शिकविण्यांत जन्म घालविलेला मीही कल्याणपासून कर्जतपर्यंत उभाच राहिलों. त्या मुलानें एकदां माझ्याकडे पाहिलें आणि तो किंचित् सरकून बसला. कर्जतला उतरलों, तेव्हां त्याच्या गाडीस मागचीं इंजिनें जोडीत होते. मला मान वर करवेना.

वकिलांनीं जोडलेली मैत्री टिकवावयाची ती आपणच, आणि त्यासाठीं नैरोबीस जावें लागत नाहीं. शेजारची जागा आपण घेतली, तरी आरंभ होतो.