पेटीच्या आधी शिक्षक

(पिंपरी येथे कार्याच्या मदतनीसांच्या सभेत एका संगीत शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘शाळेत संगीत कशाला हवे?’ या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. पाळकसाहेबांनी वीस मिनिटे दिली आहेत. मी त्याहून कमी घेईन, कारण नंतर चहा आहे हे मलाही ठाऊक आहे.

आठवडाभर मी चिंचवडमध्ये गाणे शिकवते. महिन्यातले दोन शनिवार मात्र खेड तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगराकडच्या एका वाडीवरच्या शाळेत जाते. चाकणचे कारखाने मागे पडतात, राजगुरुनगरवरून वाड्याच्या रस्त्याला लागले की तासाभरात वेगळेच जग सुरू होते. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबे तिथे राहतात. आपल्या गाड्यांचे सुटे भाग जिथे बनतात तिथून हे अंतर फार नाही.

शहरात पालक मला पहिला प्रश्न विचारतात, “मॅडम, दहावीला किती गुण वाढतात?” शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा दिल्या तर वाढीव गुण मिळतात, हे खरे आहे. मी त्यांना हसत नाही. मूल त्या निमित्ताने का होईना, रियाजाला बसते. पण वाडीवर हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे परीक्षेला बसवणारा संगीत शिक्षकच नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात कला शिकवायला अर्धवेळ शिक्षकाची तरतूद आहे, ती सहावी ते आठवीसाठी आणि पट शंभरच्या वर असेल तर. वाडीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत पट वीस-पंचवीस. दोन शिक्षक सगळे विषय शिकवतात, खिचडीचा हिशेब ठेवतात, निवडणुकीच्या कामालाही जातात. तेव्हा तिथे संगीत शिक्षक कोण? तेच दोघे. म्हणून माझे सगळे बोलणे त्या दोघांभोवती आहे.

कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. जूनमध्ये अशी मुले वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसतात. पुस्तकातली मराठी त्यांच्या घरच्या बोलीपेक्षा निराळी, त्यात अर्धे वर्ष गेलेले. गुरुजींनी विचारले की मान खाली. अशीच एक तिसरीतली मुलगी होती. तिचा आवाज मी दोन महिने ऐकला नव्हता. एका शनिवारी मी वर्गाला विचारले, “लग्नात तुमच्याकडे काय गातात?” तिने मान वर केली आणि आजीकडून ऐकलेले गाणे सुरू केले. थांबेचना! एकामागून एक कडवी. ताल तिने मांडीवर धरला होता आणि तो एकदाही सुटला नाही.

पुढे जे झाले त्याचे श्रेय तिथल्या गुरुजींचे आहे. मी नुसती ऐकत बसले होते. त्यांनी खडू घेतला आणि ते गाणे तिला विचारत विचारत फळ्यावर उतरवले. एखादा शब्द कळला नाही की ते तिलाच अर्थ विचारायचे. मग वर्गाने ते वाचले, वहीत लिहून घेतले. त्या दिवशी मराठीचा तास तिने घेतला असे म्हणायला हरकत नाही. पुढच्या खेपेला ती दुसऱ्या ओळीत बसलेली दिसली.

आपण मुलांना संगीत ‘द्यायला’ जातो. या मुलांकडे ते आधीच असते. रात्रभर ढोलकीवर फेर धरणाऱ्या घरातली ही मुले आहेत. लयीत त्यांना कच्चे म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. शाळेने त्याला ज्ञान मानायचे की गोंगाट, हे शिक्षक ठरवतो.

आता पेटीबद्दल. तुम्ही फार प्रेमाने पेट्या पाठवता, म्हणून जरा जपून बोलते. एका शाळेत मी देणगीची पेटी कपाटात कुलूपबंद पाहिली. भीमाशंकरच्या पावसात भात्याचे चामडे कुजते, सुरांच्या पट्ट्या गंजतात आणि वाजवणारे कोणी नसते. वाजवणारे असले तरी दुसरी अडचण उरते. पेटीचे सूर ठरलेले, गळ्यातले सूर त्यांच्या मधूनही जातात. याच कारणाने आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारातही घेतले नव्हते. मी स्वतः पेटीवर वाढले, तिच्यावर माझा राग नाही. पण वाडीवरचे गाणे आधी पेटीशिवाय ऐकावे. आणि पुरुष शिक्षकांनी आपल्या पट्टीत मुलांना गायला लावू नये. मुलांचा गळा उंच असतो, खाली ओढला की मुले गुरगुरतात आणि आपण त्यांना बेसूर ठरवतो.

आपल्या मंडळीला हे नवे नाही. परदेशी चालींवर बेतलेली गीते आपले आजोबा-पणजोबा गात होते, तेव्हा रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि ओवी उपासनेत आणली. इथून जवळच्या देहूच्या तुकोबांचा छंद आपल्या भजनात आला तो असा. लोकांच्या तोंडी जे होते तिथून त्यांनी सुरुवात केली.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेही लोकांच्या देणग्यांवर. त्यांचे मोठेपण मला यात दिसते की त्यांनी गाणाऱ्यांबरोबर शिकवणारे घडवले. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय सुरू केले ते त्यातूनच.

म्हणून माझी मागणी अशी आहे. या वर्षी पेट्यांसाठी जमलेले पैसे वाडीवरच्या शिक्षकांच्या दोन दिवसांच्या शिबिरासाठी आणि त्यांच्या गाडीभाड्यासाठी वापरावेत. शिबिरात शिकवायला वाडीवरच्या दोन आज्या बोलवाव्यात आणि त्यांना मानधन द्यावे, नुसता नारळ नको. एक ढोलकी घ्यावी, ती चाकणच्या बाजारात मिळते आणि फुटली तर गावात मढवून घेता येते.

गायनमंडळातल्या कोणाला बघायला यायचे असेल तर शनिवारी सकाळची शाळा असते. आमची जीप चाकण चौकातून सहाला निघते. गाता आले नाही तरी चालेल, ऐकता आले पाहिजे.