संचातील एक डिस्क निकामी होते तेव्हा

आंबा घाटाच्या अलीकडे, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर वसलेल्या मलकापूरसारख्या भरपूर पावसाच्या गावात वीज अचानक जाते आणि तितक्याच अचानक परतते. अशा ठिकाणी पतसंस्थेची किंवा दूध संस्थेची खाती सांभाळणारा सर्व्हर एकाच हार्ड डिस्कच्या भरवशावर ठेवणे म्हणजे सभासदांची पुंजी टांगणीला लावणे होय. वेगाने फिरणाऱ्या तबकड्या केव्हातरी दगा देणारच, हे गृहीत धरून बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये 'रेड' ही संकल्पना, म्हणजे अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून केलेला संच, शोधनिबंधातून मांडली.

या संचातील 'रेड ५' प्रकारात माहितीबरोबर पॅरिटी, म्हणजे हरवलेला भाग पुन्हा काढून देणारी नोंद, लिहिली जाते. एका डिस्कवर ५, दुसरीवर ७ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२ असेल, तर ७ गेले तरी १२ मधून ५ वजा करून ते परत मिळते. प्रत्यक्षात हा हिशेब द्विमान अंकांत चालतो, एवढाच फरक. मात्र माहिती लिहून झाली आणि पॅरिटी लिहिण्याआधीच वीज गेली, तर दोन्हींचा मेळ तुटतो, म्हणून यूपीएस आणि संच हाताळणाऱ्या कंट्रोलरची बॅटरी अत्यावश्यक ठरते.

डिस्क बिघडू लागल्याची चिन्हे म्हणजे पिवळसर दिवा, टक्-टक् आवाज, रेंगाळणारे वाचन आणि 'स्मार्ट' या स्वयंतपासणीत वाढत जाणारी खराब सेक्टरांची संख्या. तथापि गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी 'स्मार्ट'च्या चार प्रमुख निकषांपैकी एकातही इशारा दिलेला नव्हता. त्यामुळे दिवा हिरवा आहे म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे.

एक डिस्क गेल्यावरही काम सुरूच राहते आणि नेमकी तिथेच गफलत होते, कारण आता 'रेड ५'च्या संचाला दुसरा आघात सोसवत नाही. म्हणून प्रथम स्वतंत्र बॅकअप घ्यावा, कप्प्याचा क्रमांक आणि डिस्कचा अनुक्रमांक कंट्रोलरच्या नोंदीशी ताडून पाहावा, कारण घाईत चांगली डिस्क उपसली गेली तर सगळा संच कोसळतो. त्यानंतरच तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेची नवी डिस्क बसवावी. पुनर्बांधणीत उरलेल्या सर्व डिस्क अनेक तास सलग वाचल्या जातात, आणि त्या एकाच वेळी विकत घेतलेल्या असतील तर त्यांचीही झीज जवळपास सारखीच झालेली असते. 'रेड ६' दोन डिस्क गमावूनही तग धरते, म्हणून मोठ्या संचासाठी तीच निवड अधिक शहाणपणाची आहे.

'रेड ५'मध्ये दुसरीही डिस्क गेलीच, तर सर्व्हर बंद करून प्रत्येक डिस्कवर तिच्या कप्प्याचा क्रमांक लिहावा आणि नव्याने संच मांडण्याची आज्ञा मुळीच देऊ नये, कारण त्या आज्ञेने जुन्या नोंदींवर नवे लेखन झाले की माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेच्याही हाती काही उरत नाही.